एकांत वेगळा, एकलेपण वेगळे





रत्नागिरीहून भाट्याची खाडी ओलांडून दक्षिणेकडे निघाले, की फणसोप, गोळप अशी गावे मागे टाकीत रस्ता पावसला येतो. आता तेथे समाधिमंदिर आहे, परगावच्या गाड्या उभ्या असतात, दुपारी खिचडीचा प्रसाद होतो, सारे यथास्थित चालले आहे. पण समाधीचे दर्शन झाले की जाणत्या माणसाचे पाय आणखी एका जागी वळतात. ती जागा म्हणजे देसायांचे घर, अनंत निवास. त्या घरातल्या एका खोलीत स्वामी स्वरूपानंद सुमारे ४० वर्षे राहिले. १९०३ साली पावसलाच त्यांचा जन्म झाला आणि १५ ऑगस्ट १९७४ रोजी पावसलाच त्यांनी देह ठेवला. मधल्या काळात स्वातंत्र्याची चळवळ झाली, येरवड्याचा तुरुंगवास झाला, पुण्यास सद्गुरूंची कृपा झाली, आणि त्यानंतरचे सगळे आयुष्य त्या एका खोलीत. ज्ञानेश्वरी अभंगात आणली तीही इथेच.

आजचा विषय मला त्याच खोलीच्या दाराशी मिळाला. दर्शन घेऊन मी बाहेर पडत होतो, तेव्हा एका गृहस्थांनी मला गाठले. मुंबईस नोकरीला, वय पन्नाशीच्या पुढे, बोलण्यात सभ्य. म्हणाले, “बुवा, माझी आई जवळच्याच गावी असते. वय ७८. वडील गेल्यापासून एकटी आहे. लोक मला बोलतात. पण ही खोली पाहिली आणि मनावरचे ओझे उतरले. स्वामींना जो एकांत लाभला, तोच देवाने माझ्या आईला दिला, असे मला वाटते. आता तिने कशात मन न घालता नाम घ्यावे. खरे की नाही?”

मला तेथल्या तेथे उत्तर सुचले नाही, हे प्रांजळपणे सांगतो. मी “राम कृष्ण हरि” म्हणून हात जोडले आणि एस. टी. गाठली. पण ते वाक्य काही माझा पिच्छा सोडीना. कारण त्यात शास्त्र होते, आणि तरीही ते कोठेतरी चुकत होते.

शास्त्र कसे होते ते आधी पाहू. गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाची लक्षणे सांगितली, त्यांत एकांत स्थळाची आवड आणि लोकांच्या गर्दीचा कंटाळा ही दोन्ही आली आहेत. ज्ञानेश्वर माउलींनी त्यांचे विवरण केले आहे. तुकोबाराय भामचंद्राच्या आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत, हे तर देहूचे पोरही सांगेल. मग म्हातारी आई एकटी राहिली तर बिघडले काय? ज्या गोष्टीसाठी संत डोंगर चढले, ती तिला घरबसल्या मिळाली!

आता याचे उत्तर ऐका. तुकोबा डोंगरावर गेले ते आपल्या पायांनी, आणि उतरून आले तेही आपल्या पायांनी. खाली कीर्तनाला गाव वाट पाहत होते. एकांताला मनुष्य आपण होऊन जातो. एकलेपण मात्र न बोलावता घरात शिरते. एकांतातून उठून माणसांत जाता येते. एकलेपणातून उठून जायचे तरी कोठे? शेजारच्या घराला कुलूप, त्याच्या शेजारच्या घराला कुलूप.

आणि स्वामींच्या खोलीविषयी म्हणाल, तर त्या खोलीभोवती एक नांदते घर होते, हे आपण विसरतो. १९३४ साली स्वामींना फार मोठे आजारपण आले. मरण समोर येऊन उभे राहिले. ‘अमृतधारा’ हे त्यांचे लेखन त्याच प्रसंगाशी निगडित आहे. त्या दुखण्यातून उठल्यावर शरीर नाजूकच राहिले आणि देसाई कुटुंबाने त्यांना आपल्या घरचेच मानून सांभाळले. वेळेवर अन्न, वेळेवर पाणी, पथ्यपाणी, येणाऱ्या-जाणाऱ्याची व्यवस्था. एक वर्ष नव्हे, दोन वर्षे नव्हे, तीन तपांहून अधिक म्हणा ना! खोलीत साधक येत, सुखदुःखे सांगत. दूरच्यांना स्वामी पत्रे लिहीत. त्या पत्रांचा ‘स्वरूप-पत्र-मंजूषा’ हा संग्रह आजही घरोघर वाचला जातो. ज्याला माणसे नकोत तो इतकी पत्रे कशाला लिहील? तेव्हा त्या गृहस्थांनी खोली पाहिली, पण खोलीबाहेरचे स्वयंपाकघर पाहिले नाही. सत्पुरुषाचा एकांतसुद्धा कोणाच्या तरी सेवेवर उभा असतो. मग ७८ वर्षांच्या बाईने गुडघे धरीत विहिरीचे पाणी शेंदायचे, स्वतःपुरता भात शिजवायचा, तिन्हीसांजेला ओटीवर दिवा लावून बंद घरांकडे बघत बसायचे, आणि याला आपण स्वामींचा एकांत म्हणायचे? हे बरे नव्हे.

कोणी म्हणेल, बुवा, मन जरा उदास राहते एवढेच ना, देहाला काय होते? देहालाच होते, म्हणून तर हा विषय घेतला. आपल्याकडे वैद्य-डॉक्टर मंडळी हल्ली हे उघड बोलू लागली आहेत, आणि त्यामागे पुष्कळांचे परिश्रम आहेत. शिकागो विद्यापीठात जॉन कॅसिओपो म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. २०१८ साली ते वारले. अनेक वर्षे त्यांनी या दुःखाचा अभ्यास केला. त्यांचे म्हणणे असे, की एकलेपण ही भूक-तहानेसारखीच देहाची हाक आहे. पोटात अन्न नसले की भूक लागते, अंगात पाणी कमी झाले की घसा कोरडा पडतो; तसे माणसाला माणूस मिळाले नाही की जीव कळवळतो. कारण मनुष्य हा कळपाने जगलेला प्राणी. एकटा सापडला की धोका, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेले आहे.

आता पाहा, धोका आहे असे देहाला वाटले की देह काय करतो? पहारा बसवतो. संकटाच्या वेळी अंगात जे रस सुटायचे, ते एरवीही सुटत राहतात. रक्ताचा दाब चढतो. झोप लागते पण तुकड्या-तुकड्यांची, जरा पान वाजले की जाग. अंगात बारीक दाह धुमसत राहतो. वाघ आला तर एक रात्र असे जागणे उपयोगी. पण वाघ न येता पाच-सात वर्षे रोजच पहारा चालला तर हृदय आणि रक्तवाहिन्या झिजणार नाहीत तर काय होईल? २०१६ साली अनेक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला गेला. ज्यांचा लोकांशी संबंध तुटलेला किंवा ज्यांना फार एकटे वाटते, त्यांना हृदयविकाराचा धोका शेकडा २९ नी आणि पक्षाघाताचा शेकडा ३२ नी अधिक आढळला. त्याआधी २०१० साली अमेरिकेतील होल्ट-लुनस्टॅड या विदुषींनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास तपासले. माणसे तीन लाखांहून अधिक. ज्यांचे नात्यागोत्याचे, स्नेहाचे धागे बळकट होते, त्यांची त्या त्या मुदतीत जगण्याची शक्यता इतरांहून दीडपट निघाली. स्मृतिभ्रंश, म्हणजे आपण ज्याला ‘म्हातारचळ’ म्हणून हसण्यावारी नेतो, त्याच्याशीही एकलेपणाचा संबंध दिसतो.

संबंध दिसतो, असेच मी जपून म्हणतो. कारण आजारी मनुष्य घरात बसतो आणि घरात बसला म्हणून एकटा पडतो, असेही होते. दोन्ही चाके एकमेकांना फिरवतात. पण जागतिक आरोग्य संघटनेने ३० जून २०२५ रोजी जो अहवाल काढला, त्यात जगातील दर सहा माणसांत एकाला हे दुःख आहे आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे, असे सांगितले आहे. तरुणांतही हा रोग थोडा नाही, असेही त्यात आहे. इंग्लंडने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये या कामासाठी मंत्री नेमला! माणसाने माणसाकडे जावे म्हणून मंत्री! असो, हसू नये. त्यांना गरज कळली, हे काय कमी झाले?

आपल्या कोकणाचे पाहू. रत्नागिरी जिल्ह्याची २००१ ची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार होती, ती २०११ च्या जनगणनेत १६ लाख १५ हजारांवर आली. सगळा देश वाढत असता हा जिल्हा ८० हजारांनी कमी झाला. त्याच गणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. याचा अर्थ पुस्तकात शोधायला नको. कर्ता पुरुष मुंबईस, आणि मागे बायका व म्हातारी माणसे. पूर्वी चाकरमानी बोटीने जात, मग एस. टी. ने, १९९८ पासून कोकण रेल्वेने जातात. वाट सोपी होत गेली, जाणारे वाढत गेले. यात मी मुलांना दोष देत नाही. चार गुंठे कातळावर पोट भरत नाही, हे मला ठाऊक आहे. आंब्याच्या दोन महिन्यांवर बारा महिने निघत नाहीत.

गणपतीत घर भरते. माजघरात निजायला जागा नसते, पडवीत अंथरुणे पडतात, भजन होते, नातवंडे मागच्या दारी दंगा करतात, म्हातारी पहाटे चारला उठून वीस माणसांचा चहा टाकते आणि तिचे गुडघे दुखत नाहीत! विसर्जन होते. दुसऱ्या दिवशी पिशव्या भरल्या जातात, नारळ, कोकम, पोह्याचे पापड दिले जातात. गाडी सुटते. त्यानंतरचा जो आठवडा असतो, तो कोणी पाहिला आहे काय? गावच्या डॉक्टरांना विचारा. ज्या बाईने दहा दिवस वीस जणांचे केले, ती स्वतःसाठी एक भाजी करीत नाही. “एकटीला काय करायचे!” हे वाक्य कोकणात इतके ऐकू येते, की त्यातले दुखणे आपल्या कानाला लागेनासे झाले आहे. सकाळची पेज तीच रात्री. लोणच्याची फोड. डाळ नाही, भाजी नाही. मग अंगात शक्ती नाही. शक्ती नाही म्हणून बाहेर पडणे नाही. बाहेर पडणे नाही म्हणून भूक नाही. औषधाची गोळी घेतली की नाही हे विचारणारे कोणी नसले, म्हणजे तीही चुकते. मुले पैसे पाठवतात, त्यात कसूर नाही. पण पैशाने तांदूळ येतो, पंगत येत नाही.

२००७ साली आईबाप व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा झाला. चांगला कायदा आहे. न सांभाळणाऱ्या मुलाकडून पोटगी मिळू शकते. पण ओटीवर येऊन घटकाभर बसा, असा हुकूम कोणतेही न्यायालय देऊ शकत नाही.

आता याहून सूक्ष्म गोष्ट. एकलेपण वाढले की मनुष्य गोड होतो असे समजू नका. तो कडू होतो. पहारेकऱ्याला प्रत्येक सावली चोराची दिसते, तसे त्याच्या मनाचे होते. कोणी आले की, “आज कशी आठवण झाली?” कोणी नाही आले की, “सगळे सारखेच!” शेजारणीने हळू बोलले तर आपल्याविषयीच बोलते. कॅसिओपोंनीही हेच पाहिले: एकटा पडलेला मनुष्य इतरांकडे संशयाने पाहू लागतो आणि त्यामुळे आणखी एकटा पडतो. आपण काय म्हणतो? “म्हातारा फार खवट झाला आहे, जाववत नाही त्याच्याकडे.” कोणी जात नाही म्हणून तो खवट, आणि खवट म्हणून कोणी जात नाही. ही गाठ सोडवायची कोणी?

येथे मला माउलींच्या सोहळ्यातली समाजआरती आठवते. ज्यांनी आळंदीहून वारी केली त्यांना हे नवीन नाही, पण इतरांसाठी सांगतो. मुक्कामाच्या ठिकाणी सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोळा होतात. टाळ-मृदंगांचा एकच कल्लोळ चाललेला असतो. चोपदार आपला दंड वर करतो, आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. पण एखादी दिंडी टाळ थांबवीत नाही. वाजवीतच राहते. नवख्या माणसाला वाटते, केवढा हा उद्धटपणा! सारा समाज स्तब्ध आणि हे वाजवतात? पण चोपदार रागावत नाही. तो त्या दिंडीकडे चालत जातो. कारण शिस्त अशी आहे, की ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिने टाळ वाजवीत राहावे. चोपदाराने जावे, काय झाले ते ऐकावे, त्याचा निवाडा व्हावा, मग टाळ थांबतो. त्याच जागी हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंचाही पुकारा होतो. लाखांच्या मेळ्यात कोणाचा तांब्या हरवला तर त्याची दाद लागते!

माझे म्हणणे एवढेच, की खवट झालेला म्हातारा हा न थांबणारा टाळ आहे. त्याची तक्रार आहे म्हणून तो वाजतो. आपण वारकरी म्हणवतो, चोपदार होऊन त्याच्या ओटीपर्यंत चालत जायला काय हरकत आहे?

हे मी दुसऱ्याला सांगतो आहे असे मात्र समजू नका. आमच्याच हरिपाठ मंडळात घडलेली गोष्ट सांगतो, आणि ती सांगताना मला संकोच वाटतो. एक आजी नित्य हरिपाठाला येत. खांबाला टेकून बसत. पुढे त्यांना कानांनी कमी ऐकू येऊ लागले. कमी ऐकू आले की टाळ मागे-पुढे होतो. होणारच. एकदा कोणी पोरगा हसला. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना म्हणालो, “आजी, तुम्ही नुसत्या ऐका, टाळ राहू द्या.” मला वाटले, मी फार सौम्य बोललो. पण ज्या बाईला ऐकूच येत नव्हते, तिला मी ‘नुसते ऐका’ म्हणून सांगितले! तिच्या हातातला टाळ हीच तिची त्या मंडळातली जागा होती. ती मी काढून घेतली.

त्यानंतर आजी येईनाशा झाल्या. आम्ही म्हणालो, मुलाकडे मुंबईस गेल्या असतील. कोणी पाहिले नाही. मीही नाही. तीन आठवड्यांनी दूध घालणाऱ्या बाईने सांगितले, आजी आठ दिवस दूध घेत नाहीत, अंथरुणावरच असतात. गेलो तेव्हा घरात चूल थंड. रक्तदाबाच्या गोळ्या केव्हाच संपलेल्या. वजन इतके उतरलेले की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढत. दवाखान्यात नेले. तेथील तरुण डॉक्टरांनी नाडी पाहिली, दाब पाहिला, रक्त तपासायला दिले, आणि मग जो प्रश्न विचारला तो मला अजून टोचतो: “आजी, जेवायला तुमच्याबरोबर कोण असते?” आजी म्हणाल्या, “पांडुरंग.” डॉक्टर हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, “आणि तुम्ही कोण?”

त्या क्षणी माझे सगळे निरूपण गळून पडले.

मंडळी, आपल्यात एक सोयीची खोड आहे. म्हातारे माणूस रडगाणे सांगू लागले, की आपण त्याला “नाम घ्या” म्हणून सांगतो आणि मोकळे होतो. नामाचा महिमा मी कमी करीत नाही; ज्याच्या जोरावर माझे पोट आणि परमार्थ दोन्ही चालतात त्याला उणे कसे म्हणेन? पण वारकऱ्याचे नाम हे कोपऱ्यात तोंड घालून घेण्याचे नाम नाही. ते दोन रांगांत, समोरासमोर उभे राहून, एकमेकांच्या टाळाकडे बघत घ्यायचे नाम आहे. शेवटी एकमेकांच्या पाया पडायचे. येथे थोर कोण आणि लहान कोण हे पुसले जाते. दिंडीला क्रमांक असतो, मुक्कामाला आपले माणूस आले की नाही हे पाहिले जाते, कोणी मागे राहिला तर कोणीतरी परत फिरतो. आपल्या आद्य मंडळींनी हा पंथ एकट्याने चालण्यासाठी घातलाच नाही. कोकणातला शेतकरी आषाढात भाताच्या लावणीत अडकतो, म्हणून तो माघीला पंढरी गाठतो; पण गाठतो तो चार माणसांनिशीच.

आणि पंढरीचा देव तेथे उभा का राहिला, हे तर ध्यानात घ्या. पुंडलिक म्हाताऱ्या आईबापांचे पाय चेपीत होता. देव दाराशी आले. पुंडलिक उठला नाही. वीट फेकली आणि म्हणाला, जरा थांबा. देव थांबले, ते थांबलेच. आता कोणी म्हणेल, देव आल्यावर आईबापांना “तुम्ही नाम घ्या, मी दर्शन घेऊन येतो” असे सांगता आले नसते काय? येऊ शकले असते. पण मग ना वीट, ना विठ्ठल, ना वारी. आपला सगळा संप्रदाय एका मुलाने म्हाताऱ्या माणसांजवळून न उठण्यावर उभा आहे. त्या मुंबईच्या गृहस्थांना त्या दिवशी मला हे सांगायचे होते.

मुलाला नोकरी सोडून येता येत नाही, हे मान्य. त्याने निदान इतके करावे, की पैशाचा फोन आणि बोलण्याचा फोन वेगळा ठेवावा. “गोळी घेतली का, जेवलीस का, ठेवतो” याला बोलणे म्हणत नाहीत. आईला काही विचारावे. मेथकूट कसे करायचे, आजोबांच्या वेळी शिमग्याची पालखी कोणत्या घरी आधी जायची, फणसाच्या कलमाला काय झाले असेल. जिला विचारले जाते ती जागी राहते. आणि गावात राहणाऱ्यांनी, म्हणजे तुम्ही आणि मी, बंद घरांच्या रांगेत जेथे एकच दिवा लागतो ते घर ओळखून ठेवावे. तो दिवा एक दिवस लागला नाही तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. कान कमी झालेल्या माणसाला कीर्तनात मागे बसवू नये, मृदंगाजवळ पुढे बसवावे, आणि कान तपासून यंत्र घ्यायला लावावे. त्यात लाज कसली, चष्मा लावताना लाज वाटते का? झोप, भूक, बोलणे सगळेच आटले असेल, तर ते नुसते एकटेपण नसून औषधाने बरे होणारे दुखणेही असू शकते. तेथे अंगारा न लावता डॉक्टर गाठावा. ज्येष्ठांसाठी शासनाचा १४५६७ हा फुकट दूरध्वनी आहे, तो घराच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवावा.

आता दोन शब्द वडीलधाऱ्यांना. रागावू नका, मी तुमच्याच वयाकडे चाललो आहे. आपल्याला मागायला लाज वाटते. “कोणाला कशाला त्रास!” म्हणून आपण दार लोटून घेतो आणि मग कोणी आले नाही म्हणून झुरतो. नामदेवरायांचे चरित्र आठवा. १२९६ साली ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली, आणि पुढे थोड्याच काळात सोपानदेव, मुक्ताबाई, निवृत्तिनाथ सगळे गेले. तेव्हा नामदेव अवघे २६ वर्षांचे. ज्यांच्याबरोबर तीर्थे केली, ज्यांच्याबरोबर रात्रीच्या रात्री जागवल्या, ती चारही माणसे गेली. आणि नामदेव त्यानंतर ५४ वर्षे जगले, १३५० पर्यंत. एवढा लांब पल्ला त्यांनी कसा काढला? ते उत्तरेस गेले. पार पंजाबात. भाषा निराळी, खाणे निराळे, थंडी निराळी. तेथे त्यांनी नवी माणसे जोडली. गुरुदासपूर जिल्ह्यातले घुमान आजही त्यांचे नाव घेते आणि गुरु ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आहेत. गेलेल्या माणसाच्या जागी दुसरे माणूस बसत नाही, हे खरे. ज्ञानदेवांच्या जागी नामदेवांना कोण मिळणार होते? पण पंगत त्यांनी उठू दिली नाही. आपल्याला पंजाबात जायचे नाही, शेजारच्या वाडीत जायचे आहे. शेजारच्या सुनेला कुळथाचे पिठले जमत नसेल, तिला शिकवायला जा. पोरांचे पाढे घ्या. फुलांची परडी घेऊन देवळात जा आणि पुजाऱ्याशी भांडा, तेही चालेल. कोणाला तरी आपली गरज आहे, हे औषध दुकानात मिळत नाही.

त्या आजींचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचारणार. दवाखान्यातून त्या आठ दिवसांनी घरी आल्या. मी जाऊन पाया पडलो आणि टाळाची जोडी त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती मागे सरकवली. म्हणाल्या, “तुमच्या मंडळात मला ऐकू येत नाही.” त्यांचे बरोबर होते. तेव्हा आम्ही दर गुरुवारी आणि एकादशीला मंडळच त्यांच्या ओटीवर न्यायचे ठरवले. चौदा-पंधरा माणसे असतात. कानाचे यंत्र मुलाने दिवाळीत आणून दिले. त्या ते हरिपाठापुरते लावतात आणि एरवी काढून ठेवतात, म्हणे फार कलकल होते. हरिपाठ झाला की सगळ्यांनी तेथेच बसून आमटी-भात खायचा, तांदूळ आळीपाळीने ज्याचा त्याने आणायचा, शिजवायचा आजींनी. पहिले दोन महिने त्या कुरकुरल्या, की एवढा मोठा टोप घासवत नाही. तो पोरगा, जो हसला होता, आता टोप घासतो. आजींचा टाळ अजूनही मागे-पुढे होतो. परवा त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “बुवा, एक सांगू? मंडळी येतात ते ठीक, पण फार वेळ बसतात हो. मला माझी ज्ञानेश्वरी वाचायची असते.”